थेंबाचा माग

व्हॅनलाइफच्या रील्समागे गिटार वाजते. खऱ्या व्हॅनमध्ये रात्रभर ऐकू येते ती डिझेल हीटरच्या पंपाची टिकटिक. ती बिघडली आणि गाडीत डिझेलचा वास सुटला, तर गळती शोधायची कशी? एका जर्मन हिवाळ्यातली ही शोधाशोध.

रात्रीचे पावणेतीन वाजले असतील. ब्लॅक फॉरेस्टमध्ये, फ्रॉयडनश्टाटजवळच्या एका गावाबाहेर कॅम्परव्हॅनसाठी राखलेल्या पार्किंगमध्ये आमची गाडी उभी होती. बाहेर उणे सात. आत मात्र टी-शर्टवर झोपता येईल इतकी छान ऊब. जाग आली ती थंडीनं नाही, वासानं. अर्धवट झोपेत वाटलं, आपण सांगलीच्या स्टँडवर बसलोय, पहाटेची गाडी लागलीय आणि इंजिन चालू ठेवून ड्रायव्हरकाका चहाला गेलेत. अगदी तोच वास. मग डोळे उघडले, डोक्यावर फळ्यांचं छत दिसलं आणि पोटात गोळा आला. झोपायच्या जागेत डिझेलचा वास येण्याचं चांगलं कारण असूच शकत नाही.

श्टुटगार्टला शिकायला येऊन दोन वर्षं झाल्यावर मी आणि माझ्या केरळी रूममेटनं मिळून ही गाडी घेतली. मूळची सामान पोहोचवणारी डिलिव्हरी व्हॅन, वय वर्षं चौदा. आधीच्या मालकानं स्वतःच्या हातानं आत बेड, ओटा, दोन कपाटं आणि डिझेलवर चालणारा हीटर बसवला होता. रंग पांढरा, तरी मी तिचं नाव 'लालडबा' ठेवलं. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मोठी गाडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही येतच नाही. बाबांना मात्र हे प्रकरण अजिबात पसंत नव्हतं. २०११ मध्ये फॉस्टर हंटिंग्टन नावाच्या अमेरिकन मुलानं न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून व्हॅनमध्ये मुक्काम ठोकला आणि आपल्या फोटोंना 'व्हॅनलाइफ' हा हॅशटॅग लावला, तिथून हे वेड जगभर पसरलं, असं मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. त्यावर त्यांचा एकच प्रश्न : ''त्याला घर नव्हतं का?''

गळती समजायची तर आधी हीटर समजायला हवा. हा हीटर बुटांच्या खोक्याएवढा असतो आणि बहुतेक वेळा पुढच्या सीटखाली बसवतात. गाडीच्या टाकीतून एक बारीक नळी निघते, वाटेत गाडीच्या पोटाखाली एक छोटा पंप असतो आणि तिथून नळी वर हीटरकडे जाते. हा पंप डिझेल सलग ओतत नाही, ठोके देतो. एका ठोक्याला मोजून एवढुसं डिझेल पुढे. टिक… टिक… टिक. ऊब वाढवली की टिकटिक जलद होते. दोन किलोवॅटचा हीटर मंद चालताना तासाला साधारण शंभर मिलिलिटर डिझेल पितो, पूर्ण जोरात चालताना पाव लिटरच्या आसपास. म्हणजे रात्रभराची ऊब लिटर-सव्वा लिटरमध्ये भागते. व्हॅनवाले या हीटरच्या प्रेमात पडतात ते यामुळे.

आतलं काम अगदी आजीच्या पंपाच्या स्टोव्हसारखं. आजी आधी स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरला लावून तो तापवायची आणि मगच पंप मारायची. गडबडीत गार बर्नरवर पंप मारला, की स्टोव्ह भडकायचा आणि भांड्यांचे बूड काळे. हीटरमध्ये काकड्याचं काम ग्लो प्लग करतो. तो लालबुंद तापला, की डिझेलची वाफ होते आणि पेट घेते. एकदा ज्योत धरली, की ग्लो प्लग बंद. ज्योतीसाठीची हवा गाडीखालून येते आणि धूर गाडीखालच्याच पाइपातून बाहेर जातो. आपल्याला लागणारी गरम हवा वेगळी. ती ज्योतीभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या कवचावरून फिरून येते. या दोन हवा कधीही एकमेकींना भेटता कामा नयेत, हा या यंत्राचा सगळ्यात मोठा नियम.

यातली एक गंमत मला नंतर कळली. या धंद्यातल्या दोन मोठ्या जर्मन कंपन्यांची पाळंमुळं माझ्या घराजवळच निघाली. एबरश्पेशर १८६५ मध्ये आणि वेबास्टो १९०१ मध्ये, दोन्ही श्टुटगार्टला लागून असलेल्या एसलिंगन गावात सुरू झाल्या. वेबास्टो हे नाव म्हणजे संस्थापक विल्हेल्म बायर आणि पुढे कंपनी जिथं गेली ते श्टॉकडॉर्फ, यांची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द. आता बाजारात त्याच धर्तीची स्वस्त किट्स ढिगानं मिळतात. आमच्या लालडब्यात त्यातलंच एक, नावाचं स्टिकरही नसलेलं.

तर त्या रात्री. खरं सांगायचं तर वास त्या रात्री पहिल्यांदा आला नव्हता. महिनाभर अधूनमधून यायचा, पण आम्ही छताला लावलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मकडे बघायचो, तो गप्प असायचा आणि आम्ही परत झोपायचो. हा शुद्ध अडाणीपणा होता. तो अलार्म कार्बन मोनॉक्साइडसाठी असतो. न जळलेलं डिझेल गळून फळीत मुरतंय, हे त्याला कळत नाही. उलट कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे 'वास नाही म्हणजे सुरक्षित' हेही खोटं. दोन्ही धोके वेगळे, दोघांचे पहारेकरी वेगळे. एकासाठी अलार्म, दुसऱ्यासाठी नाक.

शिवाय हीटर हल्ली नखरे करत होता. पहिल्या झटक्यात पेटायचाच नाही. दुसऱ्या प्रयत्नात गाडीखालून पांढऱ्या धुराचा लोट यायचा, मग कसाबसा सुरू व्हायचा आणि तास-दीड तासानं ज्योत विझल्याचा एरर दाखवून बंद पडायचा. आम्ही थंडीला दोष दिला. ''डिझेल गोठलं असेल,'' असं एकमेकींना सांगितलं. वास्तविक जर्मनीत नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पंपावर जे डिझेल मिळतं ते उणे वीसपर्यंत फिल्टरमधून जाईल असंच असावं लागतं. उणे सातला ते गोठायचं काही कारण नव्हतं. पण थंडीत बाहेर जाऊन गाडीखाली झोपण्यापेक्षा सिद्धांत मांडणं सोपं असतं.

रूममेटला उठवलं. हीटर चालूच होता. पहिली ऊर्मी आली ती थेट वायर उपटायची, पण ते करायचं नसतं. बटणानं बंद केलं की पंप लगेच थांबतो, म्हणजे डिझेल येणं बंद होतं, पण पंखा पुढे काही मिनिटं चालू राहून आतली भट्टी थंड करतो. वीजच तोडली तर पंखाही थांबतो आणि तापलेली भट्टी तशीच धुमसत राहते. म्हणून बटण दाबलं, सगळी दारं सताड उघडली, अग्निशामक सिलिंडर हातात घेतला आणि पायमोज्यांवरच बूट घालून बाहेर उभ्या राहिलो. डिझेल पेट्रोलसारखं भसकन पेटत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या डिझेलची वाफ पेटायला ते किमान ५५ अंशांवर तापावं लागतं. पण हीटरच्या धुराचा पाइप त्याहून कितीतरी गरम असतो, आणि डिझेल पिऊन बसलेली प्लायवूडची फळी किंवा गालिचा म्हणजे आयती वात. त्या पाइपात आणि आमच्या गालिच्यात अंतर होतं एक वीतभर.

पार्किंगला एक छोटी इमारत होती, त्यात गरम पाण्याच्या मोऱ्या आणि कपडे धुवायची खोली. उरलेली रात्र आम्ही तिथं वॉशिंग मशीनला टेकून काढली. तिकडे तीन, म्हणजे सांगलीत साडेसात. बाबा चहा घेत असणार. फोन करावा की नाही, यात माझी दहा मिनिटं गेली. केला तर 'मी सांगत होतो' ऐकावं लागणार, नाही केला तर सकाळी काय करायचं ते कळणार नाही. शेवटी केला. बाबा ''मी सांगत होतो'' म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, ''बाहेर आहात ना दोघी? गाडीला विस्तव नाही ना कुठं?'' मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ''उजाडू दे. तोवर हात लावू नकोस.''

उजाडल्यावर गाडीखाली बर्फावर एक पिवळसर डाग दिसला, पोळीएवढा. जर्मनीत घर तापवायच्या तेलात लाल रंग मिसळतात, गाडीच्या डिझेलमध्ये नाही. त्यामुळे पिवळा डाग म्हणजे आपलंच पाप. डागाच्या वर पाहिलं तर हीटरची नळी जमिनीतून आत जाते तिथं एक थेंब लोंबत होता. सापडलं! मी सीटखालचं झाकण उघडलं, नळीच्या जोडावर पट्टीची क्लिप होती, स्क्रूड्रायव्हर घातला आणि चांगली करकचून आवळली. पुसलं. थेंब थांबला. मला वाटलं, झालं काम. बाबांना फोटो पाठवला.

तिथंच मी दोन चुका केल्या होत्या, पण ते कळायला आठवडा गेला. त्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, साधा टिचभर रबरी पाइपही मिळत नाही. हीटर बंद ठेवून, खिडक्या किलकिल्या करून आम्ही श्टुटगार्टला परत आलो. गाडी चालवायला अडचण नव्हती, कारण इंजिनाची डिझेलची लाइन वेगळी आणि हीटरचा पंप बंद होता. घराशी पोचल्यावर उत्साहानं हीटर लावून पाहिला. दहा मिनिटांत जोडाखाली पहिल्यापेक्षा मोठा थेंब.

इथं एका जर्मन सोयीबद्दल सांगायलाच हवं. इकडे रस्त्यावर गाडी उघडून तेल सांडत बसलात तर शेजारचे आजोबा पोलिसांना फोन करतात. पण 'झेल्ब्स्टहिल्फेवेर्कश्टाट' नावाचा प्रकार असतो. शब्द म्हणायला दम लागतो, अर्थ सोपा : आपलं आपण करायचं गॅरेज. तासावर भाडं भरायचं. गाडी उचलायची लिफ्ट, हत्यारं, उजेड आणि अडलं तर एक जाणता मेकॅनिक, हे सगळं मिळतं. शनिवारी सकाळी तीन तास बुक केले. बाबांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन लिफ्टच्या खांबाला टेपनं चिकटवला. तिथला जर्मन मेकॅनिक, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, येता-जाता फोनमधल्या बाबांना मान डोलावून नमस्कार करायचा. बाबाही डोलवायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काही अडतही नव्हतं.

बाबांनी पहिली गोष्ट सांगितली ती माझ्या सकाळच्या हुशारीवर पाणी ओतणारी. ''थेंब जिथं पडतो तिथं गळती नसती. थेंब खाली येतो, नळी धरून सरकत येतो. तू शेवटचं टोक बघितलंस.'' डिझेल पातळ आणि चिकट. ते नळीच्या कडेनं, वायरच्या आवरणावरून कुठूनही चालत येतं आणि सगळ्यात खालच्या जागी टपकतं. म्हणून आधी सगळं कोरडं करायचं. लाइन टाकीपासून हीटरपर्यंत पुसली. मग प्रत्येक जोडावर टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळून दोऱ्यानं बांधली आणि पेनानं नंबर टाकले. टाकीचा जोड एक, पंपाच्या आधीचा दोन, पंपानंतरचा तीन, हीटरजवळचा चार. बाबांच्या काळात या कामाला खडूची पूड वापरायचे. पांढऱ्यावर ओल चटकन उमटते. तत्त्व एकच. मग हीटर सुरू केला आणि त्याच्या धुराच्या तोंडाला गॅरेजची धूर ओढणारी नळी लावली. बंद जागेत हा हीटर तसाच चालवायचा नाही, हे मिशीवाल्या काकांनी दोनदा बजावलं.

सात मिनिटांनी चार नंबरची पट्टी पिवळी. एक, दोन, तीन कोरड्या ठणठणीत. म्हणजे गळती मी आवळलेल्या जोडातच होती! मग माझं चुकलं काय?

हीटर थंड होऊ दिला, नायट्राइलचे हातमोजे घातले आणि तो जोड सोडवला. या नळ्या बारीक, कडक प्लास्टिकच्या असतात आणि दोन टोकं जोडायला वर रबराची छोटी बाही घालून दोन्हीकडे क्लिप लावतात. आमच्या जोडात आधीच्या मालकानं नळी बहुधा कात्रीनं कापली होती; टोक तिरकं आणि चेपलेलं. दोन टोकं आत एकमेकांना टेकलेलीही नव्हती, मध्ये करंगळीच्या पेराएवढी पोकळी. आणि क्लिप होती दातेरी पट्टीची, मोठ्या होजला वापरतात ती. एवढ्या बारीक मापावर ती गोल बसत नाही, एका बाजूला चिमटा काढते. मी ती करकचून आवळल्यावर पट्टीच्या कडेनं रबर चक्क कापलं गेलं होतं. थोडी गळत होती, ती मी व्यवस्थित गळती केली. बाबा म्हणाले, ''आवळणं म्हणजे दुरुस्ती नव्हं. गळती दिसली की आधी विचार करायचा, ती का सुटली.'' डेपोत नवीन पोरांना ते हेच सांगत असणार, कारण हे वाक्य त्यांनी न थांबता म्हटलं.

आणखी एक गोष्ट मिशीवाल्या काकांच्या कपाळावर आठ्या आणणारी होती. हा जोड मुळात गाडीच्या आत, सीटच्या खोक्यात, गालिच्याखाली होता. डिझेलचा कोणताही जोड माणसं झोपतात त्या जागेत ठेवायचा नसतो. हीटरची नळी जमिनीतून खाली उतरल्यावरच पहिला जोड यायला हवा, म्हणजे गळलं तरी बाहेर गळतं. आधीच्या मालकाला नळी दहा सेंटिमीटर आखूड पडली असणार आणि त्यानं आत एक तुकडा जोडला. गालिचा उचलला तर खालची फळी हातभर लांब तपकिरी झालेली. महिनाभर आम्ही ज्याच्यावर डोकं ठेवून झोपत होतो त्या उशीपासून दोन फुटांवर. रूममेट काही न बोलता बाहेर जाऊन उभी राहिली.

नवी अखंड नळी आणली. धारदार ब्लेडनं काटकोनात कापली, टोकं एकमेकांना भिडवली, डिझेलसाठीची खास रबरी बाही आणि दोन कानांच्या छोट्या गोल क्लिपा. रबर कुठलंही चालत नाही, कारण इथल्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकतं आणि ते साध्या रबराला फुगवतं, मऊ करतं. जोड आता गाडीच्या खाली आणि धुराच्या पाइपापासून लांब. टिश्यू पेपर पुन्हा. हीटर सुरू. वीस मिनिटं झाली, चारही पट्ट्या कोरड्या. मी फोनसमोर हात उंचावले.

बाबा मात्र खूश दिसेनात. ''पहिल्या झटक्यात पेटला का?''

नव्हता पेटला. दुसऱ्या प्रयत्नात, पांढरा धूर सोडूनच पेटला होता. मी म्हटलं, नळी रिकामी होती ना, भरायला वेळ लागला असेल. ''मग आता बंद करून परत लाव.'' लावला. पुन्हा तेच. आणि टिकटिक मध्येच पोकळ वाजायची, जसं पंप काहीतरी गिळायला बघतोय आणि घशात काही येत नाही. बाबांनी फोन पंपाजवळ न्यायला सांगितला. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, ''एअर घेतीय.''

डिझेल इंजिनाचं काम केलेल्या कुणालाही हे दोन शब्द पुरे आहेत. लाइनीत हवा शिरलीय. मी म्हटलं, पण गळती तर कुठं नाही, सगळे कागद कोरडे आहेत. त्यावर बाबांनी जे सांगितलं ते मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी लिहून घेतलं असेल आणि विसरले असेन. पंपाच्या पुढच्या बाजूला दाब असतो, तिथं भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं. पंपाच्या मागच्या बाजूला, टाकीकडे, ओढ असते. तिथं भोक पडलं तर बाहेर काहीच येत नाही, उलट हवा आत जाते. कागद कोरडाच राहणार. गळती आतल्या दिशेनं होतीय. आणि हवेचा बुडबुडा ज्योतीपर्यंत पोचला, की त्या क्षणाला डिझेल नाही, ज्योत विझते. मग हीटर पुन्हा पेटायचा प्रयत्न करतो, न जळलेलं डिझेल गरम भट्टीत वाफ होऊन पांढरा धूर बनून बाहेर पडतं. महिनाभराचे सगळे नखरे एका वाक्यात उलगडले. आमच्या गाडीत एक नाही, दोन गळत्या होत्या. एक दिसणारी, एक न दिसणारी.

न दिसणारी शोधायला काकांनी एक काचेची बाटली आणली. त्यात स्वच्छ डिझेल भरलं, बाटली पंपाच्या उंचीला धरली, टाकीकडून येणारी नळी पंपावरून सोडली आणि तिच्या जागी नवी बाही लावून बाटलीतून थेट नळी जोडली. पंप आता टाकीऐवजी बाटलीतून पिणार. पंपापुढची आमची नवी नळी अर्धपारदर्शक, तिच्यामागे टॉर्च धरला. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे सरकत गेले, मग एकदम स्वच्छ. टिकटिक भरीव. हीटर पहिल्या झटक्यात पेटला. म्हणजे पंप चांगला, पुढचं सगळं चांगलं. हवा शिरत होती ती पंपाच्या मागे. आता तीन संशयित उरले : टाकीतली उपसायची नळी, टाकी ते पंप ही लाइन आणि पंपाच्या तोंडाशी असलेली जुनी बाही. काकांनी सगळ्यात स्वस्त संशयितापासून सुरुवात केली. लाइन जुनीच ठेवून फक्त बाही नवी घातली. टॉर्च. बुडबुडा नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, नाही. जुनी बाही त्यांनी ब्लेडनं उभी चिरून उलगडली आणि बोटांत वाकवून दाखवली. केसासारख्या बारीक भेगा, आतून बाहेरपर्यंत. किंमत असेल जेमतेम अर्धा युरो.

बाबांनी आणखी एक विचारलं, ''पंप आडवा आहे का तिरका?'' आडवा होता, अगदी झोपलेला. तो तिरका लागतो, बाहेर जाणारं तोंड वर करून, म्हणजे चुकून एखादा बुडबुडा आला तरी पंपात अडकून न बसता वर निघून जातो. कंस वाकवून तोही सरळ केला, म्हणजे तिरका केला. शेवटी गाडी गॅरेजबाहेर काढून हीटर अर्धा तास पूर्ण जोरात चालवला. हवा खात अर्धवट जळल्यामुळे आत काजळी धरली होती. सुरुवातीला धूर करडा आला, मग हळूहळू दिसेनासा झाला. बाबांच्या भाषेत ''रेस देऊन साफ करणे''. तीन तास बुक केले होते, साडेचार लागले. काकांनी जादा वेळाचे पैसे घेतले नाहीत. बाबांच्या दिशेनं बोट दाखवून म्हणाले, ''मास्टर तिकडे आहे.''

वास जायला मात्र खूप दिवस लागले. फळीचा भिजलेला भाग कापून काढला आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन दिला. उरलेल्या जागेवर मांजरांच्या मातीची अख्खी पिशवी पसरली. इकडे सांडलेलं तेल शोषायला लोक सर्रास तीच वापरतात. तीन वेळा माती बदलली. तरी दमट हवेत लालडबा अजून किंचित सांगली स्टँडसारखा वासतो.

हे सगळं आपल्याकडच्या वाचकाला लांबचं वाटेल, पण आता तितकंसं लांब राहिलेलं नाही. स्पीती-लडाखला व्हॅन घेऊन जाणारी आपली मुलंमुली हेच हीटर बसवतात. तिथं दोन गोष्टी जास्त अवघड होतात. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे तेवढ्याच डिझेलला ऑक्सिजन कमी पडतो आणि काजळी लवकर धरते. आणि खालच्या पंपावर भरलेलं साधं डिझेल वर थंडीत खरोखरच घट्ट होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं ते याचसाठी. तिकडे हीटर पेटला नाही तर 'डिझेल गोठलं' हे निमित्त खरंही असू शकतं. पण त्याआधी टॉर्च घेऊन नळीत बुडबुडे आहेत का, ते बघावं. रात्री वास आला तर अलार्मकडे न बघता बटणाकडे जावं. आणि वारंवार पेटत नसेल तर पुन्हापुन्हा बटण दाबत बसू नये. दर प्रयत्नाला न जळलेलं डिझेल आत साचत जातं आणि शेवटी पेट घेतला, की गार स्टोव्हसारखा भडकतो.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच गावाबाहेर त्याच पार्किंगमध्ये गेलो. मुद्दामच. बाहेर उणे चार. चारही जोडांवर नवे टिश्यू, रात्रभर टिकटिक. मला झोप लागली नाही ती गोष्ट वेगळी. ठोका चुकतोय का ते ऐकत बसले होते. पहाटे टॉर्च घेऊन गाडीखाली गेले, चारही पट्ट्या सोडवून बोनेटवर ओळीनं ठेवल्या आणि फोटो काढून बाबांना पाठवला. मिनिटभरात निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं, ''दोन नंबरचा जवळून काढ.''

काढला. कोरडाच होता. मागून फोनवर आईचा आवाज आला, ''अहो, लेकीनं सकाळी सकाळी फोटो पाठवला तर तिचा चेहरा तरी मागा!'' बाबांनी तिला काहीतरी समजावलं, बहुतेक दोन नंबरचा जोड ओढीच्या बाजूला असतो हे. मग मला म्हणाले, ''कागद फेकू नकोस. परत जाताना बांध. रस्त्याच्या हादऱ्यानं क्लिप ढिली होती.''